पाटी विद्यापीठाची, काम परीक्षेचे

तीन तासांच्या पेपरला दीड तास उलटला, की वर्गात पहिला हात वर जातो. ‘सर, पुरवणी!’ पर्यवेक्षक गठ्ठ्यातून पुरवणी काढतात, तिच्यावर सही करतात, तिचा क्रमांक मूळ उत्तरपत्रिकेवर नोंदवायला लावतात आणि जाता जाता पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा बाकावर ठेवतात. ज्यांची मूळ उत्तरपत्रिका अजून अर्धी कोरी आहे, त्यांच्या पोटात गोळा येतो. महाराष्ट्रात पदवीपर्यंत पोहोचलेल्या कुणालाही हा प्रसंग नव्याने सांगावा लागत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने परिपत्रक काढून ही पुरवणीच बंद केली. मूळ उत्तरपत्रिकेत जेवढी पाने आहेत तेवढ्यातच काय ते लिहायचे. यामागे शिक्षणशास्त्राचा काही विचार असता तर गोष्ट वेगळी. पण अडचण स्कॅनरची होती. उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्यासाठी स्कॅन करताना पुरवण्यांची सरमिसळ होत होती. कायद्याच्या एका विद्यार्थिनीने या परिपत्रकाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले. चार पानांच्या पुरवणीसाठी उच्च न्यायालय! पण ज्या वर्षी हे घडले ते वर्षच तसे होते.

त्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक उत्तरपत्रिका कागदावरच तपासल्या जात. शिक्षक ‘कॅप’ला, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर जात, गठ्ठा सही करून घेत, लाल पेनाने गुण देत आणि संध्याकाळी गठ्ठा परत करून घरी जात. २०१७ मध्ये तत्कालीन कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांनी सगळ्या शाखांच्या परीक्षांना एकदम ऑनस्क्रीन मूल्यांकन लागू केले. उत्तरपत्रिका स्कॅन करायची, तिची प्रतिमा शिक्षकाला संगणकावर दिसणार, गुण माउसने द्यायचे. कल्पना मुळात वाईट नव्हती. बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे फिरवावे लागत नाहीत, उत्तरपत्रिका कोणत्या महाविद्यालयाची हे तपासणाऱ्याला कळत नाही. मात्र उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांच्या घरात, आणि कामाचे कंत्राट ठरले ते परीक्षा सुरू झाल्यावर. शिक्षकांना प्रशिक्षण मिळेपर्यंत मे महिना उजाडला.

कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लागायला हवा. जुलै आला तरी निकालांचा पत्ता नव्हता. कुलपती या नात्याने राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती पाळण्यासाठी महाविद्यालयांतले तास काही दिवस बंद ठेवून शिक्षकांना संगणकांसमोर बसवले गेले. राज्यातल्या इतर विद्यापीठांच्या शिक्षकांनाही हाक मारली गेली. मुदत हुकलीच. ऑगस्ट सरत आला तेव्हा विधी शाखेचे निकाल हाती येत होते. परदेशी प्रवेश मिळालेली मुले गुणपत्रिकेसाठी कलिनाच्या संकुलात खेटे घालत होती. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. त्या विद्यार्थ्यांना सरासरी गुण देऊन वाट मोकळी करण्यात आली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी संगणकप्रणाली, कंत्राटदार आणि कुलगुरू या तिघांची यथेच्छ झाडाझडती घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. एक प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. सातशेहून अधिक महाविद्यालयांतल्या मुलांचे पेपर एकाच कार्यालयाने काढायचे, एकाच कार्यालयाने तपासून घ्यायचे आणि निकालही त्यानेच लावायचे, ही व्यवस्था आली कुठून?

ती आली लंडनहून. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे काढावीत अशी शिफारस केली आणि नमुना म्हणून लंडन विद्यापीठाकडे बोट दाखवले. ते लंडन विद्यापीठ त्या काळी शिकवत नव्हते. परीक्षा घेत होते आणि पदव्या देत होते. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ कायद्याने जन्माला आले. कोलकाता आणि मद्रास ही त्याच वर्षीची भावंडे. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांचे, विद्यापीठाने फक्त पास-नापास सांगायचे. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. १३२ जण बसले, २२ उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. वाचनाच्या अतिश्रमाने रानड्यांचे डोळे विद्यार्थिदशेतच अधू झाले. अभ्यासाचा ताण ही आजच्या पिढीची खास मक्तेदारी आहे असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

या विद्यापीठाचा पसारा तेव्हा सिंधपासून कानडी मुलखापर्यंत होता. पुण्याचे डेक्कन आणि फर्ग्युसन महाविद्यालयही त्याच्याच कक्षेत. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये झाले तेव्हा ती वेगळी निघाली. मुक्तीनंतर गोव्यातली महाविद्यालयेही मुंबईला जोडलेली होती, ती गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू होईपर्यंत. एवढ्या पसाऱ्यात विद्यापीठ आणि विद्यार्थी यांची गाठ पडणार कुठे? परीक्षेच्या अर्जावर आणि पदवीच्या कागदावर. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आणि त्याखालचे देखणे ग्रंथालय हजारो पदवीधरांनी फक्त ओव्हल मैदानावरून पाहिले.

ज्याचा कित्ता गिरवला त्या लंडनने १८९८ च्या कायद्यानंतर आपला साचा बदलला आणि अध्यापनाची जबाबदारी अंगावर घेतली. मुंबईत १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, पॅट्रिक गेडिस यांच्यासारखा विद्वान आला; पण हा मामला पदव्युत्तर वर्गांपुरता. पदवीचा विद्यार्थी होता तिथेच राहिला. १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीने प्रश्नावली पाठवून मते मागवली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सविस्तर लेखी उत्तर दिले. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाची अशी फारकत करू नये, महाविद्यालये आणि विद्यापीठ यांनी शिकवण्याचे काम मिळून करावे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. लंडन आणि न्यूयॉर्क इथली शिकवणारी विद्यापीठे आतून पाहिलेल्या माणसाचे हे मत होते. शंभर वर्षे झाली, उत्तर अजून दप्तरी आहे.

तेव्हापासून विद्यापीठे वाढली ती तुकडे पडून. मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२, अमरावती १९८३, सोलापूर २००४, गडचिरोलीचे गोंडवाना २०११. मुलांना घराजवळ विद्यापीठ मिळाले हा फायदा मोठाच. पण प्रत्येक तुकडा जन्मला तो मूळचाच साचा घेऊन: काही विभागांचे एक संकुल आणि भोवती संलग्न महाविद्यालयांचा गोतावळा. पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची संख्या हजाराच्या आसपास पोहोचली. २०११ मध्ये राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर, डॉ. अरुण निगवेकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखाली एकाच वेळी तीन समित्या नेमल्या. संलग्नतेचे ओझे उतरवा, असे तेव्हाही सांगून झाले. त्यातून नवा विद्यापीठ कायदा आला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि लगेचच्या उन्हाळ्यात मुंबईत निकालांचा तो गोंधळ झाला. मुहूर्त चुकला म्हणायचे.

हे यंत्र रोज चालते कसे, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी छापील प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटे केंद्रावर येत. आता पेपरच्या थोडा वेळ आधी महाविद्यालयात संकेतशब्द येतो, प्रश्नपत्रिका उतरवून घेतली जाते आणि बंद खोलीत झेरॉक्स मशीन धडधडू लागते. वीज गेली, मशीनने कागद खाल्ला किंवा केंद्रावर दोनशे मुले जास्त निघाली, की पेपर उशिरा सुरू होणार. मुलांनी ती मिनिटे शेवटी वाढवून मागायची. पर्यवेक्षण करणाऱ्या प्राध्यापकाचा त्या दिवशीचा तास अर्थातच बुडालेला असतो. प्रत्येक सत्रात परीक्षेची तयारी, परीक्षा, तपासणी आणि मागच्या सत्राची फेरपरीक्षा यांत इतके आठवडे जातात, की शिकवण्यासाठी उरलेल्या दिवसांचा हिशेब प्राध्यापक बोटांवर मांडतात.

विद्यार्थ्याची बाजू याहून गमतीची. ‘केटी’ हा महाराष्ट्रातल्या कॉलेजजीवनाचा एक मुक्कामच आहे. एखाद्या विषयात गचकलेल्या मुलाला पुढच्या वर्षात बसू द्यायची ही सोय. वर्ष वाया जात नाही, म्हणून दयाळू. पण पाचव्या सत्राचा अभ्यास, तिसऱ्या सत्राची केटी आणि चौथ्याचे पुनर्मूल्यांकन अशी तिहेरी कसरत करणारी मुले प्रत्येक महाविद्यालयात भेटतात. परीक्षेचा अर्ज, विलंब शुल्क, हॉल तिकीट, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, मग स्थलांतर प्रमाणपत्र... विद्यापीठाशी त्यांचा संबंध काय तो या खिडक्यांवर येतो. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मुलांना मिळाला तोही सर्वोच्च न्यायालयाकडून. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात येते, असा निकाल न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला. आपले उत्तर कुठे चुकले हे जाणून घेणे हा खरे तर शिक्षणाचा गाभा. इथे ती अर्ज करून मिळवायची वस्तू झाली.

२०२० मध्ये करोनाने या साऱ्याची भर चौकात परीक्षा घेतली. टाळेबंदीत अंतिम वर्षाची परीक्षा नकोच, आधीच्या सत्रांच्या सरासरीवर पदवी द्यावी, अशी राज्य सरकारची भूमिका. राज्यपालांचा तिला विरोध. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घेण्याचे फर्मान काढले. प्रकरण दिल्लीला गेले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पास करता येणार नाही. ऑक्टोबरात घरी बसून, मोबाईलवर, बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसली. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाची परीक्षा सायबर हल्ल्यामुळे कोलमडली. अंतिम वर्षाच्या मुलांच्या पाच सत्रांचे गुण विद्यापीठाच्या दप्तरात होते. ते गुण पदवीला पुरेसे वाटू नयेत आणि घरी मोबाईलवर दिलेले चार पर्याय मात्र पुरेसे वाटावेत! मार्चनंतर त्या मुलांना काय शिकवले गेले, हा विषय त्या महिन्यांच्या वादात फारसा निघालाच नाही.

मग विद्यापीठाची परीक्षा मोडीत काढून गुण देण्याचे काम महाविद्यालयांकडेच सोपवावे का? अनेक शिक्षणतज्ज्ञ हो म्हणतात. जो शिकवतो त्यानेच तपासावे, ही जगभरची रीत आहे. पण सिंधुदुर्गातल्या किंवा पालघरमधल्या एखाद्या छोट्या महाविद्यालयात जाऊन हा प्रस्ताव मांडला तर मुले नकारार्थी मान हलवतील, आणि त्यांचेही चुकत नाही. तिथल्या मुलीच्या हातात जे पदवीपत्र पडते त्यावर आणि चर्चगेटच्या महाविद्यालयातल्या मुलाच्या पदवीपत्रावर एकाच विद्यापीठाचा शिक्का असतो. पेपर तोच, तपासणाऱ्याला नाव-गाव-आडनाव ठाऊक नाही. आडनावावरून जात ओळखणाऱ्या समाजात उत्तरपत्रिकेवरचा बारकोड ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मुंबई विद्यापीठाने २०११ नंतर अंतर्गत गुणांचा प्रयोग केला तेव्हा दोन तक्रारी जागोजागी ऐकू आल्या: एक, गुणांची खैरात होते, दोन, सरांची मर्जी सांभाळावी लागते. दोन्ही खऱ्या होत्या.

स्वायत्त महाविद्यालयांकडे मधला मार्ग म्हणून पाहिले जाते. मुंबईत सेंट झेवियर्सने २०१० मध्ये स्वायत्तता घेतली. नंतर अनेक नामांकित महाविद्यालये त्या वाटेने गेली. अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीवर नाव विद्यापीठाचे. तिथले निकाल वेळेवर लागतात, नवे विषय लवकर येतात. पण ज्यांच्याकडे आधीच नाव, निधी आणि अनुभवी शिक्षक होते तीच महाविद्यालये आधी बाहेर पडली. संलग्न राहिली ती जास्त करून लहान, दूरची, तोकड्या साधनांची. विद्यापीठाचे ओझे तेवढेच, ते वाहणारे खांदे मात्र कमी.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आहे. महाराष्ट्रात ते २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत पोहोचले. एक वर्ष शिकून बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट्स डिजिटल बँकेत जमा. एका सत्राला २२ क्रेडिट्स. कागदावर यात मोठे स्वातंत्र्य आहे: भौतिकशास्त्राच्या मुलाला संगीत घेता येते, वाणिज्यच्या मुलीला इतिहास. प्रवेशाच्या दिवशी मात्र मुलांसमोर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी अशी आद्याक्षरांची फौज उभी राहते. समजावून सांगणारा प्राध्यापकही मधूनच परिपत्रकात डोकावून पाहतो. निवडीचे स्वातंत्र्य महाविद्यालयात शिक्षक किती यावर ठरते. लहान महाविद्यालयात ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणजे जे शिकवणारा माणूस उपलब्ध आहे ते. आणि दोन-दोन क्रेडिटचे विषय वाढले तसे पेपर वाढले, अंतर्गत गुणांचे तक्ते वाढले, ते भरण्याची पोर्टलेही वाढली. म्हणजे परीक्षा कमी करण्याच्या गप्पा मारता मारता त्यांचे पीक आणखी वाढले.

शिक्षकांचे म्हणाल, तर राज्यात प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रखडत आली आहे. रिकाम्या जागा तासिका तत्त्वावर, म्हणजे बोलीभाषेत ‘सीएचबी’वर भरल्या जातात. नेट-सेट झालेला, कधी पीएच.डी. असलेला तरुण तासाप्रमाणे पैसे घेतो, ते बऱ्याचदा महिनोन्‌महिने उशिरा मिळतात, सुटीत उत्पन्न बंद, पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेणाऱ्या या माणसाने मुलांचे वर्षभर सातत्यपूर्ण मूल्यमापन करावे, त्यांच्याशी बोलावे, निःपक्षपाती गुण द्यावेत, अशी नव्या धोरणाची अपेक्षा आहे. संस्थाचालकांचा शब्द त्याने मोडायचा कशाच्या जोरावर? अंतर्गत गुणांबद्दलच्या वादाचे मूळ इथे आहे. शिक्षक कायम आणि निर्भय असेल तर त्याच्या हाती गुण द्यायला भीती नाही. तो हंगामी असेल तोवर मुलांना बारकोडच बरा वाटणार.

या सगळ्यात विद्यार्थ्यांचा आवाज कुठे आहे? एके काळी तो मोठा होता, कधी कधी कर्कशही. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या. गुणवत्ता यादीतल्या मुलांतून वर्गप्रतिनिधी नेमले जाऊ लागले. म्हणजे प्रतिनिधित्वाची किल्लीही परीक्षेच्याच हाती! नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झाले आणि पुढे ढकलले गेले. विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात, पण मुंबईत ती निवडणूकही लांबली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ऐनवेळी स्थगिती आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान. निकाल रखडले, पुरवणी बंद झाली, परीक्षा घ्यावी की नाही यावर वाद पेटला, तेव्हा विद्यार्थ्यांना बाजू मांडायला न्यायालयात किंवा राजकीय पक्षांच्या संघटनांकडे जावे लागले, त्याला हेही एक कारण आहे.

हे सारे बदलेल तेव्हा बदलेल. तोवर बारावीनंतर प्रवेशासाठी फिरणाऱ्या पालकांनी आणि मुलांनी इमारत, कॅन्टीन आणि मागच्या वर्षीचा कट-ऑफ विचारून थांबू नये. तुमच्या विषयाला कायम शिक्षक किती आहेत आणि तासिका तत्त्वावर किती, ओपन इलेक्टिव्हमध्ये प्रत्यक्ष किती विषय शिकवले जातात, मागच्या सत्राचा निकाल किती दिवसांत लागला, अंतर्गत परीक्षेचा तपासलेला पेपर मुलांना परत दाखवतात का, हे चार प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयात जरूर विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर दुसऱ्या महाविद्यालयाचा अर्जही भरून ठेवा.